दर सात मिनिटांनी येणारा तोच धक्का : ज्वालामुखीचा की आणखी कशाचा?

मृद्गंधा

नमस्कार. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. भूकंपशास्त्र रीतसर शिकलेले नाही, त्यामुळे प्रश्नातच काही घोटाळा असेल तर मोकळेपणाने सांगा.

तरंगांचा धडा शिकवताना एका मुलीने विचारलं होतं, "भूकंपाचे तरंग खरे कसे दिसतात?" पुस्तकातली आकृती दाखवण्यापेक्षा खरी नोंद दाखवू म्हणून शोधायला बसले, तेव्हा कळलं की जगभरातल्या कितीतरी भूकंपमापकांच्या नोंदी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. तेव्हापासून घर झोपलं की मी हेच करत बसते. पायथन या संगणकभाषेतली, भूकंपनोंदी वाचण्यासाठीची ऑब्सपाय लायब्ररी वापरते, जेवढं जमतं तेवढं.

सध्या माउंट रेनियरच्या नोंदी बघतेय. अमेरिकेच्या वायव्य भागातला हा ४,३९२ मीटर उंचीचा ज्वालामुखी, वरचा सगळा भाग हिमनद्यांखाली. मी कॅम्प म्यूर या तळाजवळचं, साधारण ३,००० मीटर उंचीवरचं स्टेशन (भूकंपमापक बसवलेली जागा) घेतलं, कारण ते शिखराच्या जवळ आहे. फेब्रुवारीतल्या नऊ दिवसांची नोंद १ ते १० हर्ट्झच्या फिल्टरमधून काढली आणि पहिल्याच दिवशी थबकले.

दर सात मिनिटांनी एक लहान धक्का. सुरुवात अस्पष्ट, दोन-तीन सेकंदांत मोठा होतो, मग दहा-बारा सेकंद विरत जातो. खात्री करायला सहा तासांची नोंद कागदावर छापली आणि पेन्सिलीने एकेक खूण केली. ५१ भरले. मग त्यातले वीस कापून एकमेकांवर ठेवले. रेघेवर रेघ बसते! शेपटीतला तिसरा लहान उंचवटासुद्धा सगळ्यांना आहे. बहुतेक जोड्यांचा सहसंबंध ०.९ च्या वर येतो (१ म्हणजे तंतोतंत जुळणं). आधी पोचणारा पी तरंग कुठे संपला आणि मागून येणारा एस तरंग कुठे सुरू झाला हे मात्र एकातही ओळखता येत नाही.

वाचत गेले तेव्हा माउंट सेंट हेलेन्सच्या २००४ सालच्या उद्रेकाबद्दल सापडलं. तिथेही असेच एकसारखे धक्के ठरावीक अंतराने येत होते, ढोलाच्या ठोक्यांसारखे, आणि खालून घट्ट झालेला लाव्हा वर सरकत होता. ते वाचल्यापासून डोळ्याला डोळा नाही. मी बघतेय तेही तेच आहे का? आणि नुसत्या नोंदीवरून हे ठरवायचं कसं? कुणाला कळवायला हवं का?

कातळ

आधी यंत्राचा संशय घ्या. एवढं नियमित काही दिसलं की मला पंप किंवा जनरेटर आठवतो. दोन धक्क्यांमधलं अंतर सेकंदापर्यंत तेच आहे, की साडेसहा, सात, सव्वासात असं हलतं? यंत्र असेल तर ते घड्याळासारखं तंतोतंत येतं. आणि दुसऱ्या स्टेशनवर दिसतं का ते बघा. एकाच स्टेशनवर दिसणारी गोष्ट त्या स्टेशनच्या शेजारची असते, हा माझा अनुभव.

मृद्गंधा

कातळ, आत्ताच मोजलं. अंतर हलतं, ६ मिनिटं २० सेकंदांपासून ७ मिनिटं ५० सेकंदांपर्यंत. दुसरी स्टेशनं अजून बघितली नाहीत.

सुईची_रेघ

मृद्गंधाताई, कागदावर छापून पेन्सिलीने खुणा केल्यात हे वाचून फार बरं वाटलं. मी तीसेक वर्षं भूकंपलेख वाचण्याचंच काम केलं. सुरुवातीला फिरत्या ड्रमवरचा कागद असायचा, सकाळी तो उतरवून टेबलावर पसरायचा आणि पट्टी घेऊन बसायचं. पडद्यावर काम आल्यावर वेग वाढला, पण नोंद हाताखालून जाणं थांबलं. तुम्ही शेपटीतला तिसरा उंचवटा पाहिलात तो हाताखालून गेला म्हणून.

आता तुमच्या प्रश्नाकडे. उत्तर लांबेल, कारण यात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र आले की माणूस फसतो.

पहिला, हा धक्का कोणत्या जातीचा. ज्वालामुखीवर काम करणारे ढोबळमानाने दोन जाती आणि एक सलग कंप मानतात. खडक तुटतो तेव्हा धक्का टोकदार येतो, पी स्वच्छ, एस स्वच्छ, वारंवारिता साधारण ५ ते १५ हर्ट्झ. हा कुठल्याही भूकंपासारखाच, फक्त लहान. अशा धक्क्यात एस आणि पी यांच्यातला वेळ सेकंदांत मोजून ८ ने गुणलात की किलोमीटरमध्ये अंदाजे अंतर मिळतं. अर्धा सेकंद असेल तर धक्का चार किलोमीटरवरचा. दुसरी जात लांब आवर्तनाची : अर्धा ते ५ हर्ट्झ, सुरुवात धूसर, एस सापडत नाही, आणि मागे घुमत राहणारी शेपटी. वायू किंवा द्रव भरलेली भेग दाबातल्या बदलाने घुमते तेव्हा असं होतं, असं भूकंपशास्त्रज्ञ बर्नार्ड शूए यांनी मांडलं आणि आज ते बहुतेकांना मान्य आहे. हेच घुमणं मिनिटं, तास, दिवस चालू राहिलं की त्याला ट्रेमर म्हणायचं.

तुमचा धक्का वर्णनावरून दुसऱ्या जातीचा दिसतो. थांबायचं ते इथेच. खडक तुटून झालेला टोकदार धक्कासुद्धा भुसभुशीत राखेतून आणि लाव्ह्याच्या सैल थरांतून येताना आपली वरची वारंवारिता गमावतो. ज्वालामुखीच्या अंगावर, उथळ जागी, हे फार होतं. म्हणजे तुम्हाला स्टेशनवर जे १ ते ५ हर्ट्झ दिसतं त्यात उगमाचा वाटा किती आणि वाटेचा किती, हे एका स्टेशनवरून सुटत नाही. कमी वारंवारिता दिसली म्हणून द्रव आहे असं लिहून टाकणारे पुष्कळ लेख मी पाहिले आहेत. मला ते मान्य नाहीत.

दुसरा प्रश्न, तोच धक्का पुन्हा पुन्हा का. रेघेवर रेघ बसते याचा अर्थ उगमाची जागा तीच आणि हालचालीची तऱ्हाही तीच. जागा तरंगलांबीच्या साधारण चौथ्या हिश्शाहून जास्त सरकली तर शेपटी बदलायला लागते. समजा तरंगाचा वेग सेकंदाला दोन किलोमीटर आणि वारंवारिता २ हर्ट्झ, तर तरंगलांबी एक किलोमीटर, आणि तुमचे सगळे धक्के अडीचशे मीटरांच्या आतले. तिसरा उंचवटा सगळ्यांना आहे, तो वाटेतल्या एखाद्या थरावरून परत आलेला तरंग असणार. तो जागचा हलत नाही, म्हणजे उगमही हलत नाही.

एकाच जागी, एकाच तऱ्हेने, ठरावीक वेळाने हालचाल करणारं काय असतं? दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. मागून जोर येत असतो. घर्षण धरून ठेवतं, ताण साठतो, मग निसटतं, पुन्हा अडकतं. जड कपाट फरशीवरून ओढताना ते सलग सरकत नाही, अडकत-निसटत येतं, तसं. सेंट हेलेन्सला हेच घडत होतं असं एक मत आहे. तिथे २३ सप्टेंबर २००४ ला उथळ धक्के सुरू झाले, १ ऑक्टोबरला वाफेचा पहिला स्फोट झाला, आणि पुढे जवळजवळ घट्ट झालेला लाव्हाचा खांब विवरातून वर येत राहिला, तो थेट जानेवारी २००८ पर्यंत. खांबाच्या कडा खडकावर अडकत-निसटत आणि दर ३० ते ३०० सेकंदांनी धक्का. खोली एक किलोमीटरहून कमी. दुसरं मत असं की खांबाच्या बाजूला वाफेने भरलेली आडवी भेग होती आणि ती घुमत होती. दोन्ही मतांचे लोक तीच नोंद वापरतात.

पण ताई, अडकत-निसटत सरकणारी गोष्ट तुमच्या डोंगरावर आणखी एक आहे. तुम्ही स्वतःच ती पहिल्या परिच्छेदांत लिहिली आहे. हिमनदी.

हे मी हवेत बोलत नाही. केट ऑलस्टॅट आणि स्टीफन मॅलोन यांनी २०१४ साली नेमक्या रेनियरवरच्या अशा धक्क्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण एका दशकाच्या नोंदींतून त्यांनी दीड लाखाहून जास्त लहान, एकसारखे धक्के वेचून काढले. प्रत्येकाची तीव्रता १ पेक्षा कमी, वारंवारिता १ ते ५ हर्ट्झ, आणि जागा डोंगराच्या वरच्या, बर्फाने झाकलेल्या भागात. त्यांची झुंड कधी येते हे पाहिलं तेव्हा ती हिमवर्षावाशी जुळली, एक-दोन दिवस मागून. ताज्या बर्फाचं ओझं वाढतं आणि एरवी सुरळीत घसरणारा हिमनदीचा तळ जागोजागी अडकायला लागतो. एकेका धक्क्यात ती काही मिलिमीटरच सरकत असेल, पण एवढी मोठी वस्तू एकदम सरकली की भूकंपमापकाला पुरतं.

म्हणून तिसरा प्रश्न, आणि खरं काम तोच : जागा. धक्का विवराच्या पोटात आहे की बर्फाच्या तळाशी? यासाठी निदान चार स्टेशनं घ्या. एकटा धक्का खालच्या स्टेशनांवर गोंगाटात बुडालेला असेल, त्याने हिरमुसू नका. तुमच्याकडे एकसारखे धक्के शेकड्यांनी आहेत, हेच तुमचं भांडवल. जवळच्या स्टेशनवरच्या वेळा धरून दूरच्या स्टेशनची नोंद त्या त्या वेळी कापा आणि ४०० तुकडे एकावर एक रचून सरासरी घ्या. धक्का तेवढाच राहतो, गोंगाट ४०० च्या वर्गमुळाने, म्हणजे २० पटींनी खाली बसतो. कोऱ्या वाटणाऱ्या नोंदीतून हळूहळू तरंग वर येतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

मग कोणत्या स्टेशनवर आधी येतो, कुठे किती मोठा आहे, हे बघा. उंचावरच्या स्टेशनला आधी आणि खाली जाताना झपाट्याने लहान होत असेल, तर उगम वर आणि उथळ.

एक स्वतःची चूक सांगतो. बर्फाच्छादित ज्वालामुखीच्याच एका नोंदीत मला पाच दिवस चाललेला कंप दिसला. सकाळी वाढायचा, दुपारी भरात यायचा, पहाटे मंदावायचा. मी त्याला ट्रेमर म्हटलं आणि दोन पानांचं टिपण वरिष्ठांकडे दिलं. त्यांनी एकच विचारलं, "सूर्य ज्वालामुखीच्या आत उगवतो का?" तो हिमनदीतून वितळून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज होता. वेळेचा संबंध मी पाहिलाच नव्हता, कारण नोंद यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, होती आणि स्थानिक वेळ काढायचा मी आळस केला. तेव्हापासून नोंद उघडली की आधी स्थानिक वेळ आणि हवामान लिहितो, मग तरंगाकडे बघतो.

कुणाला कळवायचं का, याबद्दल : तिथल्या वेधशाळेचे लोक हीच नोंद थेट बघत असतात, तुमच्याकडून काही राहून जात नाही. मात्र "रेनियर जागा होतोय" असं कुठेही लिहू नका, ही कळकळीची विनंती. कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर १९७६ साली ला सूफ्रिएर ज्वालामुखीमुळे सत्तर हजारांहून जास्त लोकांना महिनोन्‌महिने घराबाहेर राहावं लागलं. धक्के होते, वाफेचे स्फोट होते, पण ताजा शिलारस वर आलाच नाही. शास्त्रज्ञांचं आपसांतलं भांडण तिथे चव्हाट्यावर आलं आणि लोकांचा विश्वास गेला. उलट चूकही तेवढीच महाग असते. कोलंबियातल्या गालेरास ज्वालामुखीवर १९९३ च्या जानेवारीत स्क्रूच्या आट्यांसारखे विरत जाणारे लांब आवर्तनाचे धक्के येत होते. संख्येने थोडेच, बाकी डोंगर शांत. मोजणाऱ्याला शांतता दिसली. १४ जानेवारीला विवरात माणसं असताना उद्रेक झाला, सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक गेले. त्या धक्क्यांचं महत्त्व संख्येत नव्हतं, आकारात होतं. म्हणून तुमच्या तिसऱ्या उंचवट्याला मी एवढा मान देतोय.

शून्य_ते_एक

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त कामाच्या दोन गोष्टी जोडतो.

डोळ्यांनी नऊ दिवस बघू नका. १०० नमुने प्रति सेकंद धरले तर एका वाहिनीचे दिवसाला ८६,४०,००० आकडे होतात, आणि स्टेशनला तीन दिशांच्या तीन वाहिन्या. आधी स्वच्छ असा एक धक्का साचा म्हणून घ्या आणि तो पूर्ण नोंदीवरून सरकवत सहसंबंध काढा. उंबरठा ०.७ पासून सुरू करा. ०.९ ठेवलात तर लहान धक्के निसटतील आणि दोन धक्क्यांतलं अंतर फुगलेलं दिसेल.

दुसरं, तुम्ही यंत्राचा प्रतिसाद काढून टाकलाय का? उतरवलेले आकडे नुसते काउंट्स, म्हणजे यंत्राचे कच्चे आकडे असतात. दोन स्टेशनांची यंत्रं वेगळी असतील तर काउंट्सची तुलना निरर्थक आहे. स्टेशनची माहिती असलेली फाइल सोबत उतरवा आणि काउंट्सचं जमिनीच्या वेगात रूपांतर करा, मगच कुठे मोठा नि कुठे लहान ते ठरवा. रूपांतर करताना फार कमी वारंवारिता आधी छाटा, नाहीतर समुद्राच्या लाटांचा ५-१० सेकंदांचा कायमचा डोल फुगून सगळं गिळून टाकतो.

आणि हो, बी-मूल्य, म्हणजे लहान आणि मोठ्या धक्क्यांचं प्रमाण सांगणारा आकडा, काढून बघा. नेहमीच्या भूकंपांत ते १ च्या आसपास असतं, म्हणजे तीव्रता एकने उतरली की धक्के दहापट वाढतात. ज्वालामुखीखाली पुष्कळदा ते जास्त येतं. तुमचं दोनच्या वर गेलं तर माझं मत शिलारसाच्या बाजूने झुकेल.

सुईची_रेघ

साच्याबद्दल आणि काउंट्सबद्दल अगदी बरोबर. बी-मूल्याबद्दल मात्र मी असहमत आहे. ते मूल्य तेव्हाच अर्थपूर्ण असतं जेव्हा लहानांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्या आकारांचे धक्के असतात. अडकत-निसटत येणारे धक्के जवळपास एकाच मापाचे असतात. त्यांवर रेषा बसवली तर काहीतरी उत्तर येईलच, आणि ते खूप मोठं येईल, पण त्याचा शिलारसाशी संबंध नसेल. आधी नुसता आकारांचा आलेख काढा. उतरती पायरी दिसते की एकच टेकाड, ते बघा.

शून्य_ते_एक

मान्य. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या वेळी आधी टेकाड बघेन.

कातळ

मला राहवत नाही म्हणून विचारतो. मग या नोंदींचा उद्रेक ओळखायला उपयोग होतो की नाही? सगळं ऐकल्यावर असं वाटतं की प्रत्येक धक्क्याला दुसरं एखादं कारण निघतंच.

सुईची_रेघ

होतो, आणि त्याने माणसं वाचली आहेत. फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचं १९९१ चं उदाहरण माझ्या मनात कायम असतं. एप्रिलच्या सुरुवातीला वाफेचे स्फोट झाले, तेव्हा तिथे जवळपास काहीच यंत्रणा नव्हती. फिलिपिन्सच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिळून घाईघाईने स्टेशनं लावली. एकेक धक्का मोजायला सवड नव्हती म्हणून जमिनीच्या हालचालीची दर काही मिनिटांची सरासरी काढणारी साधी पद्धत वापरली. तो एकच आकडा चढतो की उतरतो हे बघायचं. जूनच्या सुरुवातीला धक्के वायव्येकडून शिखराखाली सरकले आणि उथळ झाले. टप्प्याटप्प्याने लोक हलवले गेले आणि १५ जूनला महाउद्रेक झाला. निदान ५,००० जीव वाचले असा अंदाज आहे.

पण तिथे शिलारस खालून, खडक फोडत, दिवसचे दिवस वर येत होता. त्याने आवाज केला. जपानच्या ओन्ताके ज्वालामुखीवर २७ सप्टेंबर २०१४ ला नुसत्या वाफेचा स्फोट झाला. ट्रेमर सुरू झाल्यापासून स्फोटापर्यंत ११ मिनिटं. शनिवारची दुपार, शिखरावर गिर्यारोहकांची गर्दी. ६३ माणसं गेली. शिखरावरून ११ मिनिटांत कुठे जाणार? तिथली नोंद मी पुन्हा पुन्हा बघितली आहे. त्या ११ मिनिटांच्या आधी जे आहे त्यावरून मी स्वतः डोंगरावर जाऊ नका असं सांगू शकलो असतो, असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

मृद्गंधा

चार रात्री लागल्या. उशिराबद्दल माफ करा, मध्ये पेपर तपासायचे होते.

काकांच्या सांगण्याप्रमाणे सुरुवात स्थानिक वेळेपासून केली. दिवस-रात्रीशी काहीच संबंध नाही, पहाटे तीनलाही तेवढेच आणि दुपारी तीनलाही तेवढेच. म्हणजे वितळणारं पाणी नाही. मग त्या भागातल्या हवामान केंद्राची नोंद काढली. धक्के सुरू होण्याआधी दोन दिवस जोरदार बर्फ पडला होता. तो आलेख धक्क्यांच्या आलेखाखाली ठेवला आणि बराच वेळ बघत बसले.

साच्याने नऊ दिवसांत सुमारे १,४७० धक्के मिळाले. पहिले चार दिवस सात-सात मिनिटांनी, पुढे अंतर वाढत अकरा मिनिटांपर्यंत गेलं. आकारांचा आलेख काढला, एकच टेकाड आहे, अगदी अरुंद. पायरी नाही.

मग रचणी. खालच्या तीन स्टेशनांच्या नोंदी जवळच्या स्टेशनच्या वेळांवर कापल्या. एकट्या तुकड्यात काहीच नव्हतं, नुसता केसाळ गोंगाट. दहा रचले, काही नाही. पन्नास रचले तेव्हा मध्यभागी काहीतरी फुगल्यासारखं वाटलं, पण मनाचे खेळ असतील म्हणून सोडून दिलं. ४०० ला बटण दाबलं आणि तिन्ही ओळींत तरंग उभा! सगळ्यात खालच्या स्टेशनवरसुद्धा. आणि काका, त्या एका ओळीत पहिल्यांदाच पीची बारीक उचल दिसली, मुख्य तरंगाच्या आधी. इतके दिवस ती गोंगाटाखाली होती. रात्री दीड वाजता घरात कुणाला उठवून दाखवायचं, म्हणून वहीत चित्र काढून ठेवलं.

काउंट्स वेगात बदलून तुलना केली. कॅम्प म्यूरजवळ सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठा, खाली जाताना झपाट्याने लहान. चार स्टेशनांच्या वेळांवरून कच्ची जागा काढली, ती शिखराच्या विवराखाली येत नाही, बाजूला, वरच्या उतारावर येते. खोलीचा आकडा विश्वासाने सांगण्याजोगा नाही, पण उथळ बाजूलाच झुकतो. तेव्हा माझ्याकडून तरी हे बर्फाचंच. "जागा होतोय" असं कुठे लिहिलं नव्हतं, लिहिणारही नाही.

मला वाईट वाटेल असं कदाचित वाटत असेल तुम्हाला. उलट त्या एवढ्या मोठ्या हिमनदीचा तळ एकाच जागी १,४७० वेळा अडकला आणि सुटला, आणि त्यातला प्रत्येक वेळचा क्षण माझ्याकडे लिहिलेला आहे, हे मला अजून खरं वाटत नाही. वर्गात हेच दाखवणार आहे, रचणीसकट. दहा, पन्नास, चारशे.

एक प्रश्न उरला. सातव्या दिवशी तिसरा उंचवटा सरकतो. आधी तो मुख्य तरंगानंतर ४.१ सेकंदांनी यायचा, सातव्या दिवसापासून ४.३ ला येतो, आणि मूळ साच्याशी सहसंबंध ०.९ वरून ०.८ वर घसरतो. ही साच्याची चूक आहे का?

सुईची_रेघ

चूक वाटत नाही. दोन शक्यता दिसतात. एक, अडकण्याची जागा हिमनदीबरोबर थोडी खाली सरकली. दोन, जागा तीच आहे पण वाटेतला बर्फ किंवा त्याच्या तळचं पाणी बदललं आणि तरंगाचा वेग कमी झाला. वेग बदलला असेल तर उशीर शेपटीभर वाढत जाईल : दोन सेकंदांवर थोडा, चारवर दुप्पट, आठवर चौपट. जागा बदलली असेल तर उशीर असा रांगेत वाढणार नाही, उंचवटे मागेपुढे कसेही सरकतील आणि दर स्टेशनवर वेगळे सरकतील.

सातव्या दिवसाआधीचे २०० आणि नंतरचे २०० वेगवेगळे रचा. दोन्ही रेघा एकमेकांवर ठेवून शेपटीत दर सेकंदाला किती उशीर येतो ते मोजा, चारही स्टेशनांवर. मोजताना फिल्टर न लावलेली मूळ नोंद वापरा, आधीची फाइल पुसली असेल तर पुन्हा उतरवून घ्या. तो आलेख इथे टाकाल का? मला बघायचाय.

मृद्गंधा

मूळ फाइल ठेवली आहे. रविवारी टाकते.